लहान जहाजातून एड्रियाटिक : आई-बाबांना बरोबर नेणाऱ्यांसाठी



उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आपल्या डब्लिन-प्लेझंटनकडच्या मराठी घरांत क्रूझचा विषय निघतोच. बहुतेकांची एखादी अलास्का झालेली असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पियर २७ वरून जहाजात बसायचं, आठ-दहा दिवस खायचं-प्यायचं, एकदा हिमनदी बघायची आणि परत ५८० फ्रीवेच्या ट्रॅफिकला लागायचं. आम्हीही केली आहे, मजा आली होती. २०२५ च्या जूनमध्ये मात्र आम्ही जरा वेगळी क्रूझ केली. भूमध्य समुद्राचाच एक फाटा असलेल्या एड्रियाटिक समुद्रात, क्रोएशियाच्या किनाऱ्याने, स्प्लिट ते डुब्रोव्हनिक, सात रात्री. जहाजावर प्रवासी किती? फक्त ३६! बरोबर भारतातून आलेले आई-बाबा आणि आमची अकरा वर्षांची मुलगी.

फोटो बघून अनेकांचे फोन आले, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता, "आमच्या आईला जमेल का हो?" म्हणजे त्या जहाजाला लिफ्ट होती का, समुद्र लागतो का, शाकाहारी जेवणाचं काय, व्हिसाचं काय. फोनवर दहादा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

आधी "लहान जहाज" म्हणजे काय ते बघू, कारण या नावाखाली बरंच काही विकलं जातं. भूमध्य समुद्रात फिरणारी मोठी जहाजं आता पाच-सहा हजार प्रवासी नेतात. त्यांच्या तुलनेत दोन-तीनशेचं जहाजसुद्धा लहानच म्हणायचं. त्या गटात शिडाची जहाजं आहेत. 'रॉयल क्लिपर'ला पाच डोलकाठ्या, ४२ शिडं आणि सव्वादोनशेच्या आसपास प्रवासी. तिच्या धाकट्या बहिणी 'स्टार क्लिपर' आणि 'स्टार फ्लायर' चार डोलकाठ्यांच्या, प्रवासी साधारण १७०. त्याहून खालचा गट म्हणजे क्रोएशियातली तीस-चाळीस प्रवाशांची जहाजं. लांबी चाळीस-पन्नास मीटर, अठरा-वीस केबिन्स, वर ऊन खायला एक डेक, खाली एक जेवणघर आणि मागे पाण्यात उतरायची शिडी. थिएटर नाही, कॅसिनो नाही, वॉटरस्लाइड नाही. दिवसा तीन-चार तास प्रवास, मध्ये कुठेतरी खाडीत थांबून पोहणं, आणि रात्री जहाज बंदरात बांधलेलं. रात्रभर समुद्रात चालत राहणं हा प्रकारच नाही. आमची क्रूझ ही अशी.

मोठ्या जहाजांना या समुद्रातली जुनी गावं आता कंटाळली आहेत, हेही खरं. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी केली. डुब्रोव्हनिकने २०१९ मध्ये क्रूझ कंपन्यांशी बोलून दिवसाला दोनच मोठी जहाजं असं ठरवून घेतलं. सांतोरिनीने २०२५ मध्ये दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली. आठ हजार ही मर्यादा, यावरून आधी काय होत असेल त्याची कल्पना करा! लहान जहाजाचा खरा फायदा इथे आहे. मोठं जहाज सकाळी येऊन संध्याकाळी निघून जातं. आपण संध्याकाळी पोचतो आणि गाव गावकऱ्यांना परत मिळालेलं असतं तेव्हा तिथे असतो. आजोबा लोक बाकावर बसलेले, पोरं चर्चच्या पायऱ्यांवर फुटबॉल खेळतायत, असं ते गाव.

पण आमच्यासाठी प्रश्न गावाचा नव्हताच, बाबांच्या गुडघ्यांचा होता. बाबा ७४ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा कुरकुरणारा. आणि आईचा प्रश्न आणखी वेगळा. तिचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण त्या भागातल्या घराघरांत ती गोष्ट सांगितली जाते. "लहान बोट" हे दोन शब्द ऐकल्यावर तिने फोनवरच सांगितलं, "तुम्ही जा, मी हॉटेलात थांबते." मोठ्या जहाजाला लिफ्ट, डॉक्टर, व्हीलचेअर सगळं असतं. मग लहानाचा हट्ट कशाला, असं कुणीही विचारलं असतं.

बाबांनी तो प्रश्न परस्पर सोडवला. ते मालवणचे. लहानपणी मुंबईला बोटीने जायचे. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव भरून माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या असं सगळं तिथवर न्यायचे. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा क्षण कसा असतो हे त्यांनी आम्हाला शंभर वेळा सांगितलंय. "ते सात वर्षांचा असताना केलं, हे काय मोठं?" असं म्हणून त्यांनी आईलाही तयार केलं. गुडघा तेव्हा सात वर्षांचा होता, एवढंच ते विसरले!

आता थोडं इंजिनिअरिंग, कारण त्यावरच आई-बाबांना जमेल की नाही हे ठरतं. कोकणात बोट धक्क्याला का लागायची नाही? एक म्हणजे उथळ पाणी आणि खडक, आणि दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं, म्हणजे दीड मजला. कठड्याला दोरीने बांधलेलं छोटं जहाज सहा तासांत दीड मजला खाली गेलं तर फळी टाकून उतरणार कसं? एड्रियाटिकच्या आपण फिरतो त्या भागात हा फरक जेमतेम फूटभर असतो. भूमध्य समुद्र स्वतः लहान, त्यामुळे चंद्राच्या ओढीने त्यात मोठी भरती तयार होत नाही. आणि अटलांटिकची भरती आत यायला वाट फक्त जिब्राल्टरची, जी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. म्हणून इथली जहाजं पुढे नांगर टाकून पाठ थेट कठड्याला लावतात आणि फळी टाकून माणसं गावाच्या चौकात उतरतात. पडाव नको, टेंडर बोट नको. मोठी जहाजं मात्र कित्येक ठिकाणी बाहेर उभी राहतात आणि टेंडरने माणसं आणतात, तिथे हलत्या बोटीत पाय टाकावाच लागतो. म्हणजे गुडघेवाल्यांसाठी काही बाबतीत लहान जहाजच सोपं.

याची परीक्षाही झाली. मंगळवारी, १० जूनला, पौर्णिमा होती. बाबांनी दुपारी कठड्याच्या दगडावर पाण्याची रेघ बघून ठेवली आणि रात्री जेवून आल्यावर टॉर्च घेऊन परत बघितली. पौर्णिमेचं उधाण आणि पाणी हललं ते वीतभर! "याला काय समुद्र म्हणायचं, हे तर तळं," असा निकाल त्यांनी दिला. पण आईची भीती त्या वीतभर पाण्याने जेवढी गेली तेवढी आमच्या कुठल्याही स्पष्टीकरणाने गेली नव्हती.

आता दुसरी बाजू, ती कंपन्यांच्या चकचकीत पानांवर नसते. लोकप्रिय बंदरांत कठड्याला जागा कमी आणि जहाजं जास्त. मग जहाजं एकमेकांना खेटून, शेजारी शेजारी बांधतात. कोर्चुलाला आमचं जहाज चौथं होतं. म्हणजे गावात जायला आधी तीन परक्या जहाजांच्या डेकवरून जायचं. प्रत्येक ठिकाणी कठडा ओलांडायचा, दोन जहाजांमधल्या फटीवर पाय टाकायचा. खलाशी हात धरायला उभे असतात आणि ते खरोखर मदत करतात. तरी बाबा एकदा गेले, परत आले आणि संध्याकाळी "आता मी इथेच चहा घेतो" म्हणाले. आम्ही आग्रह केला नाही. शिवाय आमच्या जहाजाला लिफ्ट नव्हती, डॉक्टर नव्हता. खालच्या डेकच्या केबिन्सना जायला जिना अगदी उभा, आणि खिडकीऐवजी गोल झरोका. म्हणून बुक करण्याआधी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पण जेवणघराच्याच मजल्यावरची केबिन मागून घ्या. बाबांसाठी आम्ही तीच घेतली होती. बाथरूमचा उंबरठा किती उंच आहे, शॉवरमध्ये धरायला दांडा आहे का, हेही ईमेलवर विचारा. उत्तर "नो प्रॉब्लेम" एवढंच आलं तर फोटो मागवा.

समुद्र लागण्याचं काय? मार्गाच्या दोन्ही बाजूंना बेटं असल्याने बहुतेक वेळ पाणी शांत असतं. इथल्या वाऱ्यांना नावं आहेत. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून येणारा 'माएस्त्राल' सुखाचा. ईशान्येकडून डोंगरावरून कोसळणारा 'बुरा' झटक्याचा, आणि आग्नेयेकडून येणारा 'युगो' मोठ्या लाटांचा. आम्हाला एक दिवस युगो भेटला. म्ल्येत बेट सोडल्यावर दोन तास जहाज चांगलंच डोललं, कारण एवढ्या लहान जहाजाला मोठ्यांसारखे डोलणं कमी करणारे पंख नसतात. आमच्यापैकी दोघं आडवी झाली, आणि त्यात आई नव्हती! ती आल्याच्या वड्या वाटत बसली होती. कॅप्टनने त्या दिवशीचं बंदर बदललं. लहान जहाजावर हे व्हायचंच, त्यामुळे "अमुक दिवशी अमुक ठिकाणी" असं पक्कं धरून पुढची तिकिटं काढू नका. औषध समुद्र लागल्यावर नव्हे, आधी घ्यायचं असतं, आणि ज्येष्ठांना बाकीच्या औषधांबरोबर ते चालतं का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून ठेवायचं. मोठी रुग्णालयं स्प्लिट आणि डुब्रोव्हनिकला आहेत, बेटांवर त्यामानाने लहान दवाखाने. आपला अमेरिकेतला हेल्थ इन्शुरन्स तिथे चालेल असं गृहीत धरू नका. रुग्णाला बेटावरून हलवण्याचा खर्च धरणारा प्रवासविमा घ्या, आणि आई-बाबांच्या विम्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षरांत वाचा.

आता जरा गावांबद्दल. सगळं सांगत बसत नाही, आपल्या माणसांना कुठे काय ओळखीचं वाटलं तेवढंच सांगतो. ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादला इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक लोक येऊन वसले. त्यांनी आखलेले शेतांचे चौकोन आजही तसेच आहेत, दगडावर दगड रचून घातलेल्या बांधांसकट, आणि त्यात अजूनही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. २००८ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. बाबा म्हणाले, "हे आपले गडगेच की!" खरंच, दगड पांढरा आहे एवढाच फरक, मालवणात चिरा असता.

कोर्चुलाचे लोक मार्को पोलो आपल्या गावचा म्हणून सांगतात. व्हेनिसवाल्यांना हे मान्य नाही आणि पुरावा कुणाकडेच धड नाही. पण त्याच मार्को पोलोच्या वृत्तांतात आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे, एक राज्य म्हणून, आणि तिथल्या समुद्री चाच्यांची तक्रारही आहे. हे सांगितल्यावर ठाण्यात वाढलेल्या आमच्या अर्ध्या कुटुंबाची कॉलर ताठ झाली. गावाची आखणी माशाच्या काट्यासारखी आहे. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळी वारा आत यावा, आणि पूर्वेकडच्या किंचित वाकड्या, म्हणजे बुरा अडावा. एअर कंडिशनरशिवायचं डिझाइन!

म्ल्येत बेटाने आमच्या मुलीला जिंकलं. तिथे साप फार म्हणून १९१० साली ११ मुंगसं आणून सोडली, आणि ती होती भारतीय जातीची. सापांचा त्यांनी फडशा पाडला, आणि मग पक्ष्यांच्या अंड्यांकडे वळली. आता मुंगसं हीच तिथली कटकट आहे. "म्हणजे ती पण एच-वन वर आली आणि राहिली," हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलीचं आहे, आमचं नाही! त्याच दिवशी वटपौर्णिमा. वड कुठून आणायचा? पण अंजीर आणि वड एकाच कुळातले, दोघांचंही शास्त्रीय नाव 'फायकस'ने सुरू होतं. बंदराजवळच्या एका अंजिराच्या झाडाला आईने दोरा गुंडाळला. शेजारच्या बाकावरच्या क्रोएशियन आजीने काय चाललंय ते खुणेने विचारलं आणि समजल्यावर ती बराच वेळ हसत होती. आजोबांकडे बोट दाखवून तिने काहीतरी म्हटलं, ते बहुधा "याच्यासाठी? सात जन्म?" असं असावं.

जेवणाचं. न्याहारी आणि दुपारचं जेवण जहाजावर, रात्रीचं गावात आपापलं, अशी बहुतेक ठिकाणी पद्धत असते. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच कळवा, आणि "मासेही नाही, मांसाचं किंवा माशाचं पाणीही नाही" असं स्पष्ट लिहा, कारण भाजीच्या सूपलाही तो अर्क घातलेला असू शकतो. 'ब्लित्वा' म्हणजे चार्डची पालेभाजी, बटाटा, लसूण, ऑलिव्ह तेल, आई दोन दिवसांत तिची भक्त झाली. पालेभाजी भरलेली 'सोपार्निक' ही पातळ रोटी मिळाली तर सोडू नका. काळा भात मात्र म्हाकुळासारख्या माशाच्या शाईतला असतो! मेतकूट, चटणी, बाकरवडी बरोबर असावीच. पण तूप, पनीर, खवा असं दुधाचं काही बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कागदपत्रं. जहाज कंपनीने आमचा पत्ता वाचून लगेच कळवलं, "आयरिश पासपोर्ट असल्याने तुम्हाला व्हिसा लागणार नाही." डब्लिन म्हटल्यावर हे होणारच! भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच. जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. सहलीआधी सहा महिन्यांपासून करता येतो. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. मार्गात मॉन्टेनेग्रोचं कोतोर असेल तर ते शेंगेनबाहेर आहे, परत आत यायला मल्टिपल एन्ट्री हवी. आई-बाबा अमेरिकेत व्हिजिटर म्हणून आलेले असतील तर इथून त्यांचा अर्ज होईल अशी आशा धरू नका, राहत्या देशातून करायचा हा नियम आहे. आमच्या आई-बाबांनी मुंबईतून केला आणि ते थेट स्प्लिटला आले. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेणं सुरू झालं आहे, तेव्हा पहिल्या विमानतळावर दोन विमानांमध्ये वेळ जास्त ठेवा.

आणि परत येताना? एच-वन वाल्यांनी हे दोनदा वाचावं. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला असेल तर नुसत्या आय-७९७ वर परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन येणाऱ्यांना जी सवलत आहे ती युरोपला लागू नाही. वाटेत युरोपातच स्टॅम्पिंग करून घेऊ हा जुना उपायही आता धरू नका, कारण सप्टेंबर २०२५ पासून अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करावा असं सांगितलं आहे. ग्रीन कार्डचा अर्ज शेवटच्या टप्प्यात असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलांना एक ईमेल टाका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने याच कारणासाठी बुकिंग एक वर्ष पुढे ढकललं, आणि ते योग्यच होतं. नोकरी आणि घर इकडे, आणि आपण तिकडे अडकलेलो, ही परिस्थिती कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर सुंदर दिसत नाही.

शेवटचं बंदर डुब्रोव्हनिक. इथे लहान जहाजाचा फायदा चालत नाही. आमचं जहाज मोठ्या जहाजांच्याच ग्रूझ बंदरात लागलं, आणि तिथून जुनं गाव सुमारे तीन किलोमीटर, बसने जायचं. १,९४० मीटर लांबीची तटबंदी पायऱ्यांचीच आहे, ती आम्ही तिघांनी केली. आई-बाबा खाली संत व्लाहोच्या चर्चसमोर सावलीत बसले. हा संत या गावाचा रक्षक, पोर्तुगीज त्याला साव ब्राझ म्हणतात. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सोळाव्या शतकातलं साव ब्राझचं एक चर्च आहे, आणि पोर्तुगीजांच्या काळात व्यापाराला आलेल्या डुब्रोव्हनिकच्या लोकांशी त्याचा संबंध जोडला जातो. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी पुढच्या हिवाळ्यात मालवणहून गाडी काढून गवंडाळीला जायचं ठरवून टाकलं, कारण "तिथे जिना नसेल".

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी : विमान सोडून आम्हाला माणशी साधारण दीड हजार युरो पडले. बंदराचा कर आणि जहाजावरची पेयं वेगळी, आणि ते शेवटच्या दिवशी रोख मागतात. परतीला विमान स्प्लिटहून असेल तर डुब्रोव्हनिकहून बसने या. २०२२ साली पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून मध्ये बोस्नियाच्या नेउममधून जावं लागत नाही. बस पुलावरूनच जाते ना, हे मात्र तिकीट काढताना विचारा, म्हणजे सिंगल एन्ट्री व्हिसावाल्यांनाही चिंता नाही.